पिनकोड स्वयंभू आहे का? कागदावर तपासायची रीत

कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ३७ घेतली तर ३ + ७ = १०, म्हणजे ४७ मिळाली. ३७ ही ४७ ची जनक. जिला असा जनकच नाही ती स्वयंभू. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेल्या या संख्या: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८, ११०, १२१... नऊनंतर अकरा-अकराची उडी दिसते, पण तिच्या भरवशावर राहू नका. १०८ नंतर लगेच ११० आहे.

शंभर-दोनशेपर्यंत सरळ यादी लिहून जनकांतून निघणाऱ्या संख्या खोडत जा. सहा अंकी संख्येला मात्र उलटं यावं लागतं. सोलापूरचा ४१३००२ घेऊ.

अंकांची बेरीज १०, पुन्हा बेरीज १. हा एक अंक सम आला तर निम्मा करा, विषम आला तर ९ मिळवून निम्मा करा. इथे (१ + ९) ÷ २ = ५. आता संख्येतून ५, १४, २३, ३२, ४१, ५० असं नऊ-नऊने वाढवत वजा करा. उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज वजा केलेल्या आकड्याइतकी आली, तर तोच जनक.

४१२९९७ ची बेरीज ३२, हवी होती ५. ४१२९८८ ची ३२, हवी १४. ४१२९७९ ची ३२, हवी २३. ४१२९७० ची २३, हवी ३२. इथे थोडक्यात हुकतं. ४१२९६१ आणि ४१२९५२ यांची २३, हवी ४१ आणि ५०. सहा अंकांची बेरीज ५४ च्या वर जातच नाही, म्हणून इथे थांबायचं. ४१३००२ स्वयंभू!

निम्मं का करायचं? संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्हींना ९ ने भागलं की बाकी सारखीच उरते. म्हणून जनकात बेरीज मिळवली की बाकी दुप्पट होते; आपण ती परत निम्मी करतो.

शेजारच्या ४१३००१ चा जनक तिसऱ्या वजाबाकीला सापडतो: ४१२९७४ + २७. हमखास चूक होते ती ४१३००८ ला. पहिल्याच वजाबाकीत ४१३००० + ८ जुळतं आणि माणूस पेन खाली ठेवतो. पुढे ४१२९८२ + २६ सुद्धा ४१३००८ च येतं. कुर्डुवाडीला दोन लाइनी मिळाव्यात तसे इथे दोन जनक मिळतात, आणि कापरेकर अशा संख्येला जंक्शनच म्हणत. जनक सापडला तरी ५४ पर्यंतच्या वजाबाक्या पुऱ्या करा.