मेटिंगच्या आधी कुत्र्याचा खुबा कसा तपासून घ्यावा

'पळूलालंय की ओ चांगलं, एक्स-रे कशाला?' बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कुठेही लॅब्रेडॉर नाहीतर जर्मन शेफर्डचा नर मेटिंगसाठी विचारायला जा, हे उत्तर ठरलेलं. आमच्या मादीच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो. मग तिच्या सहा पिल्लांपैकी एक दहाव्या महिन्यात जिना चढताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलायला लागलं. त्याचा एक्स-रे काढला, पाठोपाठ आईचाही. आईचा डावा खुबा सैल निघाला. ती आयुष्यात एक दिवस लंगडली नव्हती.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतो. हिप डिस्प्लेशियात हा सांधा वाढीच्या वयात सैल राहतो, गोळा हलत राहतो, उखळ उथळच राहते आणि पुढे तिथे संधिवात धरतो. तरुण कुत्र्याचे स्नायू हे सगळं झाकून टाकतात. म्हणून चाल बघून खुबा कळत नाही. मोठ्या, जड जातींत हा दोष जास्त. शेजारच्या मुधोळचं कुत्रं ग्रेहाउंडसारखं हलकं आणि लांबट, त्या घडणीच्या शिकारी कुत्र्यांत तो क्वचित दिसतो.

वय धरून चला. लॅब्रेडॉर मादी बऱ्याचदा वर्षाच्या आतच पहिल्यांदा माजावर येते. तो माज सोडून द्या. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 18 महिन्यांच्या आत ब्रीडरने मेटिंग करायचंच नाही, वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाचच्या वर नाही. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याची अंतिम श्रेणी 24 महिन्यांनंतरच देते. त्याआधी काढलेला एक्स-रे अंदाजापुरता. माज चालू असताना, किंवा पिल्लं अंगावर पीत असताना काढू नका, त्या दिवसांत सांधा एरवीपेक्षा सैल दिसू शकतो. तीन-चार आठवडे मध्ये जाऊ द्या.

एक्स-रेच्या दिवशी कुत्रं उपाशीपोटी न्यायचं, कारण गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. 'चार माणसं धरतो की' म्हणून गुंगी टाळू नका. जागं कुत्रं अंग आखडून धरतं आणि सैल सांधाही घट्ट भासतो.

आमचा पहिला एक्स-रे असाच वाया गेला. कुत्रं पाठीवर उताणं होतं, पण कंबर एका बाजूला कलली होती. त्यामुळे एक उखळ खोल दिसली, दुसरी उथळ, आणि डॉक्टर दोनदा चष्मा पुसून बघत बसले. हे आपल्यालाही ओळखता येतं. कमरेच्या हाडात खालच्या बाजूला दोन अंडाकृती भोकं दिसतात, ती दोन्ही सारख्या आकाराची हवीत. मांडीची हाडं एकमेकांना समांतर हवीत आणि गुडघ्याची वाटी मधोमध. एक भोक मोठं, एक चपटं दिसलं तर पैसे देण्याआधीच 'परत काढूया' म्हणा. गुंगीतून जागं झाल्यावर सांगून उपयोग नाही.

एक्स-रेच्या प्लेटवर कुत्र्याचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि असल्यास मायक्रोचिपचा नंबर उमटलेला हवा. पेनने मागाहून लिहिलेला चालत नाही. नंबर नसलेली प्लेट कुठल्याही कुत्र्याची म्हणून खपते.

वाचायची कशी? गोळ्याचा निम्म्याहून जास्त भाग उखळीत बसलेला असावा आणि दोघांमधली फट सगळीकडे सारखी. नॉरबर्ग कोन (दोन्ही गोळ्यांचे मध्य जोडणारी रेष आणि गोळ्याच्या मध्यापासून उखळीच्या वरच्या कडेला जाणारी रेष यांमधला कोन) 105 अंश किंवा जास्त असेल तर चांगलं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या पद्धतीत ए ते ई श्रेणी असतात: ए म्हणजे निर्दोष, बी म्हणजे जवळपास ठीक, सी सौम्य दोष, डी मध्यम, ई गंभीर. ही श्रेणी क्ष-किरणतज्ज्ञ पशुवैद्याकडूनच घ्या. बेळगावात एक्स-रे निघतो, पण निकालाबद्दल शंका राहिली तर बंगळूरला हेब्बाळचं नाहीतर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

आता निर्णय. डी आणि ई असेल तर मेटिंग नाही, कुत्रं दिसायला कितीही देखणं असो. सी असेल तर मी तरी थांबेन. फारच चांगली वंशावळ असेल तर ए श्रेणीच्या जोडीदाराचा विचार होऊ शकतो, पण घरगुती पाळणाऱ्याला हा जुगार कशाला? ए-ए जोडीतूनही एखादं दोषी पिल्लू निघतं, कारण यात एक नाही, अनेक जनुकं गुंतलेली असतात. म्हणून एकट्या नराची प्लेट बघून भुलू नका, त्याची भावंडं आणि आधीच्या वेताची पिल्लं कशी आहेत ते विचारा. भावंडांत दोन-तीन अधू असतील तर ए श्रेणीचा नरही मला नको. वंशावळीचा कागद कुळी सांगतो, खुबा नाही.

हे सगळं व्यवहार ठरण्याआधी बोलायचं. नराच्या बदल्यात 'पिल्लू घेणार की पैसे' यावर बोलणी गेली की प्लेट मागायला जीभ रेटत नाही.

पिल्लं झाल्यावर पहिलं वर्ष हातात असतं. गुबगुबीत पिल्लू कौतुकाचं वाटतं, पण 48 लॅब्रेडॉरांवर 14 वर्षं चाललेल्या एका अभ्यासात चतकोर कमी खाणाऱ्यांना खुब्याचा त्रास कमी झाला आणि ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत. मोठ्या जातीचं तयार खाद्य चालू असेल तर वरून कॅल्शियमचं औषध पाजू नका. आणि पाहुण्यांनी आणलेल्या कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा उंचावर ठेवा.

आमच्या मादीची आम्ही नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली, पुढे वेत नाही. हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर गोणपाट अंथरलंय. पावसाळ्यात सकाळी ती उठायला वेळ घेते, मग मी चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसतो, ती आपली आपण उठेपर्यंत.