कापलेल्या फोटोची पांढरी कड: मास्क कुठे आत घ्यायचा, कुठे नाही

पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो गडद फ्लेक्सवर बसवला की माणसाभोवती पांढरी रेघ उठते. त्यावर फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्शन दोन पिक्सेल कॉन्ट्रॅक्ट करा’, म्हणजे निवडलेला भाग आत आकसून घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो. खांद्याला तो चालतो, केसांची मात्र पार वाट लावतो. कडेच्या पिक्सेलमध्ये कपड्याचा आणि भिंतीचा रंग आधीच मिसळलेला असतो. तेवढेच झाकायचे आहेत, माणूस बारीक करायचा नाही.

१. फोटोशॉपमध्ये लेअर मास्क लावा. मास्कवर पांढरं असेल तिथे फोटो दिसतो, काळं असेल तिथे झाकला जातो, करडं असेल तिथे अर्धवट दिसतो. इरेझर नको. खाली खरी पार्श्वभूमीच ठेवा.

२. लेअरच्या यादीत मास्कच्या थंबनेलवर (छोट्या चित्रावर) क्लिक करा, नाहीतर पुढचं सगळं फोटोवरच लागेल.

३. घाई असेल तर फिल्टर, अदर, मिनिमम, एक पिक्सेल. मिनिमम काळं पसरवतो, म्हणून कड आत जाते. मॅक्सिमम पांढरं पसरवतो, कड बाहेर येते.

४. खरी गोम इथे आहे. असा लावलेला मिनिमम मास्कभर एकसारखा लागतो आणि कडेला किती मऊपणा ठेवायचा ते हातात राहत नाही. मी ब्लर (कड धूसर करणं) आणि लेव्हल्स (काळं-पांढरं कमीजास्त करणं) यांनीच करतो. खांदा, बाही, जिथे रेघ दिसते तेवढाच भाग लॅसोने निवडा, फेदर, म्हणजे निवडीच्या कडेचा मऊपणा, थोडा जास्त द्या. मास्कवर एक-दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर मारा. मग कंट्रोल-एल दाबून लेव्हल्स उघडा. काळा स्लायडर उजवीकडे सरकवला की करडे पिक्सेल काळे होतात आणि कड डोळ्यांदेखत आत सरकते. पांढरा स्लायडर डावीकडे आणला की उलट. दोन्ही जवळ आणू नका, कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. ब्लर मोठा घेतलात तर कोपरे गोल होतात, आणि कड बाहेर काढताना बोटांमधल्या फटी बुजतात. म्हणून हाताच्या पंज्याला ही युक्ती लावूच नका. तिथे बारीक ब्रश घेऊन मास्कवर हाताने रंगवा.

५. केस आत घ्यायचेच नाहीत, उलट किंचित बाहेर येऊ द्या. वर क्लिपिंग मास्क केलेला (खालच्या फोटोपुरताच दिसणारा) नवा लेअर घेऊन केसांचाच रंग कमी ओपॅसिटीच्या ब्रशने पांढुरक्या बटांवर फिरवा.

कॉन्ट्रॅक्टच वापरायचं असेल आणि फोटो खाली कंबरेशी तुटलेला असेल, तर ‘अप्लाय इफेक्ट अ‍ॅट कॅनव्हास बाउंड्स’वरची खूण काढा. नाहीतर खालची कडही आत जाते आणि माणूस फ्लेक्सच्या तळापासून दोन पिक्सेल अधांतरी उभा राहतो.