भाताच्या गुंडाळीतला भुंगेरा मारू नका: ओफिओनियाबाबत या चुका टाळा

गुंडाळलेलं भाताचं पान उलगडलं की कधीकधी अळीऐवजी एक लांबुडका, मुंगीसारखा चपळ भुंगेरा बाहेर पळतो. पान यानेच खाल्लं असं समजून त्याला तिथेच चिरडलं जातं. महागात पडते ती हीच चूक. तो ओफिओनिया आहे, जेमतेम 7-8 मिलिमीटरचा शिकारी. पान गुंडाळणारी अळी खाण्यासाठीच तो त्या गुंडाळीत शिरतो आणि दिवसाला 3 ते 5 अळ्या फस्त करतो. भाताचा रस शोषणारे तुडतुडेही त्याला चालतात. त्याची स्वतःची अळी चकचकीत काळी असते आणि तीही गुंडाळीत शिरून शिकार करते. पिकाचं नुकसान करणारी अळी हिरवट असते. गुंडाळीत काळी अळी दिसली तर पान तसंच सोडून द्या.

कोकणात त्याची गल्लत निळ्या भुंगेऱ्याशी होते. निळा भुंगेरा अंगभर निळसर काळा असतो आणि पान खरवडून पांढरे पट्टे पाडतो. ओफिओनियाचं डोकं काळं, मान लांब निमुळती आणि तांबूस पंखांवर निळसर काळे पट्टे असतात.

आणखी एक तांबडा-काळा कीटक खाचरात फिरतो. त्याचे पंख इतके आखूड असतात की अर्धं पोट उघडंच दिसतं. तो पेडेरस. तोही मित्रकीटकच, पण अंगावर चिरडला तर कातडीवर फोड येतात. फुंकर मारून उडवा.

आता फवारणी. लावणीनंतर महिन्याभरात अळीने खाल्लेली चार पानं पांढरी दिसली की पंप पाठीवर चढतो. खरं तर फुटव्यांच्या काळात भात एवढं नुकसान सहज भरून काढतो. अशा वेळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक मारलं की ओफिओनिया आणि कोळी मरतात, पण तपकिरी तुडतुड्यांची अंडी पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. पिल्लं बाहेर येतात तेव्हा त्यांना खाणारं शेतात कुणी उरलेलं नसतं. तुडतुड्यांचा असाच उद्रेक झाल्यावर इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली होती. म्हणून मोजताना नुसत्या गुंडाळ्या मोजू नका, त्या उलगडून पाहा. आत फक्त वाळकी विष्ठा असेल तर अळी खाल्ली गेली किंवा दुसऱ्या पानावर गेली. हिशेबात जिवंत अळ्याच धरा. एका चुडात (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यात) जिवंत अळी असलेल्या, ताज्या खाल्लेल्या पानांची संख्या कृषी विभागाच्या सल्ल्यातल्या पातळीपुढे गेली, तरच औषधाचा विचार करा आणि तेव्हाही पायरेथ्रॉइड टाळा.

बांधांचंही तसंच. ओफिओनिया कोषात जातो तो मातीत, बऱ्याचदा बांधाच्याच मातीत. सगळे बांध एकाच वेळी तासून किंवा तणनाशक मारून उघडे केले की त्याचा निवारा जातो. निम्मे बांध आज साफ करा, उरलेल्यांवर गवत उगवू द्या आणि तिथली पाळी नंतर घ्या.