गल्लीच्या बैठकीत त्रास मोजायचा कसा

पतसंस्थेत तीस वर्षं कॅशियर होतो, म्हणून गल्लीच्या गणपतीचा जमाखर्च माझ्याकडे. एका वर्षी साउंड सिस्टीम कोपऱ्यावर लावायची की देवळापुढे, यावर मी हात वर करायला लावले. कोपऱ्याला ४१, देवळाला ६. विषय संपला म्हणून चहा मागवला. कोपऱ्यावरच्या घरात ऑपरेशन झालेल्या काकू झोपून होत्या. त्यांची सून सकाळी दारात आली. "अण्णा, मांडणीवरच्या ताटल्या वाजत होत्या. आत्तींचा हात धरून बसले मी."

तेव्हापासून हात मोजत नाही. घरागणिक वहीचं एक पान करा. त्रास कोणाला, किती वेळ, टाळायला दुसरीकडं जाता येतं का, एवढंच लिहा. आणि विचारून लिहा, अंदाजानं नको. कायदा रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद ठेवायला सांगतो, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घालतो. पण यंत्र आवाज मोजतं, टाके नाही.

एका पानावर बेरीज खुशाल करा. काकूंची पहिली रात्र, पाचवी, अकरावी, सगळ्या एकाच अंगावर जातात. पानापानांची बेरीज करताना मात्र हात आवरा. ४१ जणांची चिमूट चिमूट मजा जोडून ढीग होतो खरा, पण तो ढीगभर आनंद भोगणारा माणूस गल्लीत दाखवा. जॉन टॉरेक या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७७ साली हेच मांडलं: पुष्कळ जणांची डोकी थोडी थोडी दुखली म्हणून ती जोडून कोणालाच अर्धशिशी होत नाही.

म्हणून काकूंच्या पानासमोर एकेक पान ठेवत जा, दोघांत जास्त त्रास कोणाला ते बघा. आमच्याकडं सगळ्यात मोठी तक्रार निघाली ती 'देवळापुढं चिखल होतोय' ही. दोन ट्रॉली मुरूम टाकला आणि साउंड तिकडं नेला.

टॉरेक पुढं म्हणतो, एक जीव की पाच, हा प्रश्न आला तर नाणं उडवा. इथं माझं त्याच्याशी जमत नाही. उन्हाळ्यात टँकर एकाच टोकाला रिकामा होणार, एका टोकाला एक पिंप कोरडं, दुसऱ्याला पाच, तर नाणं कसलं उडवताय? त्रास सारख्याच तोलाचा असेल तिथं डोकी मोजायचीच. अडतं ते मधल्या ठिकाणी: काकूंची झोप आणि आठ पोरांचा परीक्षेचा अभ्यास. त्याला सूत्र माझ्याकडं नाही, त्या दिवशी बैठक लांबते.

यंदा देवळाशेजारी बाळंतीण आहे. तिचं पान काल उघडलं.