हापूसची पेटी थेट विकताना संकेतस्थळाच्या जाहिरातीवरचा कोणता खर्च टाळावा

रत्नागिरी आणि देवगडकडचे अनेक आंबा बागायतदार आता सगळा माल दलालाकडे न पाठवता, निदान थोड्या पेट्या तरी स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकाला विकू पाहतात. झाडावर फळ धरले की त्यांना फोन येऊ लागतात : संकेतस्थळाला दहा हजार भेटी मिळवून देतो, गुगलवर पहिल्या क्रमांकावर आणतो, लाखभर लोकांपर्यंत संदेश पोहोचवतो. मी अशा काही बागायतदारांची संकेतस्थळे सांभाळतो आणि त्यांच्या कष्टाचे पैसे या फोनांपायी गेलेले पाहिले आहेत. हापूसचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असतो, त्यामुळे चुकीच्या उपायात गेलेला एक महिनासुद्धा त्या वर्षी भरून निघत नाही.

म्हणून पहिले काम खर्च करण्याचे नसून नोंद ठेवण्याचे आहे. फोनजवळ एक वही ठेवावी आणि ऑर्डर देणाऱ्या प्रत्येकाला, “आमचा पत्ता तुम्हाला कुठून मिळाला?” असे विचारून तारीख, गाव, किती डझन आणि उत्तर अशा चार गोष्टी लिहाव्यात. याच्या जोडीला गुगल ॲनालिटिक्स (संकेतस्थळावर कोण कुठून येते ते दाखवणारे) आणि गुगल सर्च कन्सोल (गुगलवर काय शोधून लोक येतात ते दाखवणारे) ही दोन्ही मोफत साधने स्वतःच्या ईमेलवर सुरू करावीत. सर्च कन्सोलमध्ये मागच्या सोळा महिन्यांची माहिती राहते, म्हणजे मागच्या वर्षीचा एप्रिल आणि यंदाचा एप्रिल शेजारी ठेवून पाहता येतो, आणि हंगामी धंद्याला नेमकी तीच तुलना हवी असते.

विकत घेतलेल्या भेटी या नोंदीत लगेच उघड्या पडतात. आकडा एका रात्रीत वाढतो, पण आलेला प्रत्येक जण एकच पान उघडून दोन-तीन सेकंदांत निघून जातो, बहुतेक भेटी आपण माल पाठवतच नाही अशा देशांतून आलेल्या असतात, आणि वहीत एकही नवी ओळ पडत नाही. या भेटी बहुधा माणसांच्या नसून स्वयंचलित प्रणालींच्या असतात, तेव्हा त्यांतून पेटी विकली जाण्याचा प्रश्नच येत नाही.

बॅकलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळांवर आपले दुवे विकत घेण्याच्या, व्यवहारावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो सर्वांत पटण्याजोगा वाटतो. दुसऱ्या संकेतस्थळाने आपला दुवा दिला तर गुगल त्याला शिफारशीसारखे मानते, हे खरेच आहे. पण त्यामुळेच खोट्या शिफारशींचा बाजार उभा राहिला आणि एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल करून अशा दुव्यांवर कारवाई सुरू केली. डिसेंबर २०२२ पासून तर स्पॅमब्रेन ही यंत्रणा विकतचे दुवे ओळखून त्यांचे वजनच काढून घेते. याचा अर्थ असा की बहुतेक वेळा शिक्षा होत नाही, पण लाभही होत नाही, आणि म्हणूनच मालकाला महिनोन्‌महिने काही कळत नाही. एका बागायतदाराने मला त्याच्यासाठी विकत घेतलेल्या दोनशे दुव्यांची यादी दाखवली, तेव्हा आम्ही दोघांनी बसून त्यातली पहिली दहा पाने उघडली. एका पानावर जुगाराच्या खेळांची माहिती होती, त्याच पानावर खाली नळदुरुस्तीचा लेख होता आणि त्या लेखाच्या मधोमध “उत्तम हापूस आंबा” हे तीन शब्द दुव्यासह घुसडलेले होते. अशी यादी हातात आली की दहा पाने उघडून एवढेच पाहावे : आंबा खाणारा माणूस हे पान कधी वाचेल का? याउलट आपल्या तालुक्याच्या पर्यटनाची माहिती देणारे संकेतस्थळ, शेजारचे निवास-न्याहारी केंद्र किंवा आपली बाग पाहून गेलेला लेखक यांनी आपणहून दिलेला एकच दुवा खरे ग्राहक आणतो.

“पहिल्या क्रमांकाची हमी” देणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे, कारण अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच्या मार्गदर्शनात सांगितले आहे. पुरावा म्हणून बहुधा आपल्याच बागेचे नाव शोधून दाखवले जाते. त्या नावाची दुसरी बाग नसेल तर आपण पहिले येणारच, त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. सर्च कन्सोलमधली शोधशब्दांची यादी उघडावी आणि बागेचे नाव असलेले शोध वगळून उरलेल्यांतून किती जण आले ते पाहावे. खरी वाढ तिथेच दिसते.

कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी, भरून देण्याचे पैसे देऊ नयेत, कारण क्रमवारीसाठी तो टॅग वापरत नसल्याचे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले आहे. “पाचशे शोधयंत्रांत नोंदणी” हीसुद्धा निरुपयोगी सेवा आहे. सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे आपल्या पानांची यादी, देणे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते आपले आपल्याला जमते.

गावांच्या नावांची पाने हा त्यापेक्षा धोक्याचा प्रकार आहे. “पुण्यात हापूस”, “नाशिकमध्ये हापूस”, “नागपूरमध्ये हापूस” अशी फक्त नाव बदललेली चाळीस पाने कोणी बनवून दिली, तर ती गुगलच्या स्पॅमविषयक नियमांचा भंग ठरतात, आणि मार्च २०२४ पासून क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्धही स्वतंत्र नियम आहे. मात्र कोथरूडमध्ये दर शनिवारी तुमचा माणूस खरोखर पेट्या घेऊन उभा राहत असेल, तर त्या जागेचा पत्ता, वेळ आणि फोटो देणारे पान अवश्य करावे.

गुगलची जाहिरात वाईट नाही, पण तिची आधीपासून निवडलेली रचना तशीच सोडली तर पैसे गळत राहतात. शब्द ढोबळ जुळणीवर ठेवले की “हापूस आंबा” या जाहिरातीवर “हापूस लागवड”, “आंब्याची कलमे”, “वाशी आंबा बाजारभाव”, “मोहोरावरील फवारणी” असे शोधणारेही येतात. हे शेतकरी आहेत, ग्राहक नाहीत, आणि त्यांच्या प्रत्येक क्लिकचे पैसे आपल्याला पडतात. म्हणून पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी शोधशब्दांचा अहवाल उघडावा आणि लागवड, कलम, रोप, बाजारभाव, फवारणी, पाककृती असे शब्द वगळण्याच्या यादीत टाकावेत. ठिकाणाच्या रचनेत “त्या ठिकाणी असलेले किंवा तिथे रस दाखवणारे” हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून फक्त त्या ठिकाणी असलेले लोक निवडावेत, नाहीतर मुंबई-पुण्यापुरती घरपोच सेवा देणाऱ्या बागेची जाहिरात दिल्लीत बसून पुण्याविषयी शोधणाऱ्यालाही दिसते. शोधजाहिरात करताना डिस्प्ले नेटवर्कवरची, म्हणजे इतर संकेतस्थळांवर आणि ॲपमध्ये जाहिरात दाखवण्याची, खूणही काढून टाकावी. मग साधा हिशोब करावा : समजा एका क्लिकला दहा रुपये पडले आणि पन्नास क्लिकमागे एक ऑर्डर आली, तर त्या ऑर्डरवर पाचशे रुपये जाहिरातीतच गेले. पॅकिंग आणि वाहतूक वजा जाता पेटीमागे चारशेच रुपये सुटत असतील, तर ती जाहिरात त्याच दिवशी थांबवावी.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट करताना, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवताना, उद्देश प्रतिसादाचा ठेवला, तर ती यंत्रणा लाइक देण्याची सवय असलेली माणसे शोधते, विकत घेणारी नव्हे. त्याऐवजी उद्देश संदेशाचा किंवा विक्रीचा निवडावा आणि आलेल्या प्रत्येक चौकशीची वहीत नोंद करावी. अनुयायी विकत घेणे तर पूर्ण टाळावे.

सर्वांत मोठे नुकसान मी विकतच्या क्रमांकांवर पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशांमुळे झालेले पाहिले आहे. अनोळखी लोकांनी तक्रार केली की व्हॉट्सॲप संदेश पाठवणारा आपला क्रमांक बंद करते, आणि बंद होणारा क्रमांक बहुधा तोच असतो ज्यावर मागच्या दहा वर्षांचे ग्राहक “दादा, यंदा कधी पाठवणार?” असे विचारतात. ऐन एप्रिलमध्ये हे झाले तर झाडावरचे फळ थांबत नाही. घाऊक एसएमएससाठीही दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या विनियमांनुसार डीएलटी नोंदणी (दूरसंचार कंपन्यांच्या प्रणालीत संदेश पाठवणाऱ्याची नोंद) आणि ग्राहकाची संमती लागते.

यातून वाचलेला पैसा आणि वेळ कुठे लावावा, तेही सांगतो. मार्चमध्ये जुन्या ग्राहकांना, ज्यांनी स्वतः क्रमांक दिला आहे त्यांना, एकेकाचे नाव घालून संदेश पाठवावा. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर भाव, पेटीत किती डझन, एका फळाचे साधारण वजन, फळ आढीत किती दिवस ठेवावे लागेल आणि पेटी कोणत्या तारखेला निघेल हे स्पष्ट लिहावे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लावावा. फोटो मोठे असतील तर ते लहान करावेत, कारण ग्राहक बहुधा मोबाइलवरच पाहत असतो. गुगलवरची व्यवसायाची मोफत नोंद अद्ययावत ठेवावी आणि पेटी पोहोचलेल्या ग्राहकाला खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करावी.

तरीही काम बाहेर द्यायचे ठरले, तर डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा), ॲनालिटिक्स आणि जाहिरातीचे खाते स्वतःच्या नावावर घ्यावे आणि काम करणाऱ्याला फक्त वापराची परवानगी द्यावी. मग पाऊस सुरू झाला आणि बाग रिकामी झाली की जूनमध्ये एका दुपारी वही आणि जाहिरातीची बिले समोरासमोर ठेवावीत, ज्या खर्चासमोर एकही पेटी दिसत नाही त्यावर रेघ ओढावी आणि ते पान पुढच्या फेब्रुवारीसाठी फोनजवळच ठेवावे.