चरबी घटवायचीय? मग डंबेल हलके करू नका

जिममध्ये हमखास ऐकू येणारा सल्ला: "वजन कमी करायचंय ना? मग हलके डंबेल घे आणि वीस-पंचवीस रेप्स मार." (रेप म्हणजे तीच हालचाल एकदा करणं.) कृपा करून हे ऐकू नका. स्नायू वाढवायचे असोत की चरबी उतरवायची, व्यायाम जवळपास तोच राहतो. बदलतं ते ताट.

खाणं कमी केलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही वापरायला लागतं. जड वजन उचलत राहिलात, तर स्नायू टिकवून धरायला त्याला कारण मिळतं. समजा, ४० किलोचे स्क्वॅट्स (खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या उठाबशा) सलग ८ वेळा होतात. डाएटच्या काळातही तेच ४० किलो धरून ठेवा. थकवा आला तर एखादा सेट, म्हणजे त्या ८ वेळांची एक फेरी, गाळा, पण वजनाची प्लेट लगेच उतरवू नका.

चरबीसाठी रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी खा. स्नायूंसाठी थोड्या जास्त. प्रथिनं मात्र दोन्हीकडे दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११० ग्रॅमच्या आसपास. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) आपलं गाडं इथेच अडतं. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम, वाटीभर पातळ वरणातही तेवढीच. म्हणून मटकीची घट्ट उसळ, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, मासे किंवा चिकन यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच.

नवख्यांची चरबी घटताना स्नायूही वाढू शकतात, त्यामुळे वजनाचा काटा कधीकधी फारसा हलत नाही. घाबरू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजा आणि वहीत लिहून ठेवा.