कंपनीचा कर वाचवा, पण असा

अंबडच्या एमआयडीसीत वीस वर्षं हिशेब लिहितोय. मालक विचारतात, कर कमी कसा करू? आधी दोन्ही पद्धतींनी, म्हणजे सवलती घेऊन आणि सवलती सोडून, आकडेमोड करा. 2019 पासून ठरावीक सवलती सोडल्या तर 22 टक्के दर मिळतो. अधिभार-उपकर धरून 25.17. पण एकदा निवडला की मागे फिरता येत नाही. छोट्या उद्योजकाचं बिल वेळेत भागवा, लेखी करार असला तरी फार तर 45 दिवसांत. नाहीतर पैसे देईपर्यंत तो खर्च वजा होत नाही.

एकाने माझ्यापुढे पोलादाचं बिल ठेवलं. कागद करकरीत, घडीसुद्धा नाही. गेटच्या वहीत ट्रकच नाही! मी सही केली नाही. सवलत घेणं हा हक्क, न आलेला माल दाखवणं ही चोरीच. प्रत्येक खरेदीबिलाला वजनकाट्याची चिठ्ठी टाचून ठेवा.